मदत करणारं कार्यालयच पाण्यात गेलं तर?



पीएचडीच्या प्रवेश मुलाखतीत लोकप्रशासन, राज्यशास्त्र किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्याला ‘विषय कोणता?’ असं विचारलं की एक उत्तर हमखास येतं, ‘आपत्ती व्यवस्थापन’. समितीतले सर लगेच पुढचा प्रश्न टाकतात, ‘त्यातलं नेमकं काय?’ आणि गाडी तिथेच अडते. कारण आपत्ती व्यवस्थापन हे अख्खं क्षेत्र आहे. त्यात हवामानशास्त्र आहे, कायदा आहे, आरोग्य आहे, विमा आहे. सिनॉप्सिस लिहायला यातला एखादा तुकडा तोडून घ्यावा लागतो.

आज असाच एक तुकडा तुमच्यासमोर ठेवतो. प्रश्न साधा आहे. पूर आला, भूकंप झाला, साथ आली, तर लोकांना मदत करायची जबाबदारी नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांच्यावर येते. पण त्याच पुरात नगरपालिकेची इमारतही बुडते, तिचे कर्मचारीही घरात अडकतात, तिचा सर्व्हरही बंद पडतो. मग मदत कोण करणार? आणि त्या काळात जन्म-मृत्यूची नोंद, पाणी सोडणं, कचरा उचलणं, कर्मचाऱ्यांचा पगार ही रोजची कामं कोण बघणार?

दोन वेगळ्या योजना

आधी एक फरक पक्का करून घ्या. बाहेरच्या लोकांसाठी काय करायचं हे सांगते ती प्रतिसाद योजना. बोटी कुठे आहेत, निवारा कुठल्या शाळेत, रुग्णवाहिका किती, कंट्रोल रूमला कोण बसणार, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे ‘आपत्ती व्यवस्थापन आराखडा’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं.

दुसरी योजना संस्थेच्या स्वतःच्या अंगाकडे बघते. आपल्यालाच फटका बसला तर कुठली कामं थांबून चालणार नाहीत, ती कुठून करायची, कुणी करायची, किती वेळात पुन्हा सुरू करायची? हिला ‘कामकाज सातत्य योजना’ म्हणू. खासगी क्षेत्रात हिचं नाव बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन, अमेरिकी सरकारी कार्यालयांत कंटिन्युइटी ऑफ ऑपरेशन्स. आयएसओ २२३०१ हे आंतरराष्ट्रीय मानक याच विषयावरचं आहे. ते पहिल्यांदा २०१२ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये सुधारलं गेलं.

दोन्ही योजना एकमेकींवर टेकलेल्या आहेत. कंट्रोल रूमची वीज गेली तर बोटींची यादी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. तरीही अभ्यासात पहिल्या योजनेवर भरपूर लिहिलं जातं आणि दुसरी बाजूला पडते. तुमच्यासाठी इथेच जागा आहे.

कायदा काय म्हणतो

आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. संशोधन करायचं तर त्याची निदान चार कलमं मूळ मजकुरातून वाचा, गाईडबुकातून नको.

कलम २५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन होतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. कलम ३१ जिल्हा योजनेबद्दल आहे. ती स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून बनवायची आणि दरवर्षी तिचा आढावा घ्यायचा. कलम ३२ मध्ये जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक सरकारी कार्यालयाने आणि स्थानिक संस्थेने स्वतःची योजना करायची आहे. कलम ४१ स्थानिक संस्थेची कामं सांगतं. त्यात कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, साधनसामग्री वापरायला तयार ठेवणं, आपल्या हद्दीतली बांधकामं ठरलेल्या निकषांत बसवणं आणि मदत-पुनर्वसन करणं हे येतं.

आता कलम ३२ बारकाईने वाचा. प्रतिबंध आहे, क्षमताबांधणी आहे, सज्जता आहे, प्रतिसाद आहे. पण ‘आपत्तीतही स्वतःची नेहमीची कामं चालू ठेवण्याची योजना करा’ असं वेगळं, स्पष्ट बंधन त्यात नाही. ‘सज्जता’ या शब्दात ते ओढून बसवता येतं. पण ओढून बसवणं वेगळं आणि कायद्याने थेट सांगणं वेगळं.

तुलनेला ब्रिटनचा सिव्हिल कंटिन्जन्सीज अ‍ॅक्ट, २००४ घ्या. त्यात पहिल्या वर्गातल्या संस्थांवर, म्हणजे स्थानिक परिषदा, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका वगैरेंवर, दोन स्वतंत्र कर्तव्यं आहेत. आणीबाणीला तोंड देण्याची योजना करा हे एक. आणीबाणीत आपली स्वतःची कामं शक्य तितकी चालू राहतील अशी योजना ठेवा हे दुसरं. शिवाय स्थानिक परिषदांनी आपल्या भागातल्या व्यावसायिकांना आणि स्वयंसेवी संस्थांनाही याबाबत सल्ला द्यायचा असतो.

दोन कायदे, जवळपास एकाच काळातले. एकात सातत्याचा स्पष्ट उल्लेख आहे, दुसऱ्यात नाही. याचा प्रत्यक्ष योजनांवर काय परिणाम झाला? हा स्वतंत्र संशोधनप्रश्न होऊ शकतो. त्यात आता भर पडली आहे २०२५ च्या दुरुस्तीची. या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरं यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. म्हणजे शहरांचं नियोजन जिल्ह्याच्या पोटातून थोडं बाहेर येतंय. नवी रचना कशी रुजते हे पहिल्या दिवसापासून नोंदवत जाण्याची संधी संशोधकाला वारंवार मिळत नाही.

जपान, मार्च २०११

या विषयावर वाचायला बसलात की जपानचं उदाहरण टाळता येत नाही. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य किनाऱ्यावर ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. जपान हा तयारीत जगात पुढे असलेला देश. तरीही तिथे जे घडलं त्याने स्थानिक प्रशासनाचा अभ्यास बदलून टाकला.

ओत्सुची या छोट्या गावाचं बघा. भूकंपानंतर इमारत पडेल या भीतीने महापौर आणि अधिकारी कार्यालयाबाहेर जमले आणि तिथेच आपत्ती मुख्यालय उभारायला लागले. त्सुनामीने त्यांना गाठलं. महापौरांसह सुमारे ४० कर्मचारी गेले. गावाला नवा महापौर मिळायला ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात निवारे, ढिगारे, मृतांची ओळख, तात्पुरती घरं अशी गावाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी कामं समोर होती आणि ती करणारी माणसंच कमी झालेली होती.

मिनामिसानरिकुमध्ये आपत्ती नियंत्रणासाठीच बांधलेली तीन मजली इमारत होती. लाट तिच्या गच्चीवरून गेली. तिथे ४३ जणांचा जीव गेला. आज त्या इमारतीचा नुसता लोखंडी सांगाडा उभा आहे.

तिसरं उदाहरण कागदाचं आहे. जपानमध्ये प्रत्येक कुटुंबाची ‘कोसेकी’ नावाची नोंदवही असते. जन्म, मृत्यू, लग्न, वारसा सगळं त्यावर चालतं. ओत्सुची, रिकुझेनताकाता, मिनामिसानरिकु आणि ओनागावा या चार ठिकाणी मूळ नोंदी वाहून गेल्या. त्या पुन्हा उभ्या करता आल्या त्या एकाच कारणाने. त्यांच्या दुय्यम प्रती केंद्र सरकारच्या विधी कार्यालयाकडे ठेवलेल्या होत्या. म्हणजे वाचवलं ते वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीने.

आणि फुताबा. फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या शेजारचं हे गाव पूर्ण रिकामं करावं लागलं. गावाबरोबर कार्यालयही निघालं. आधी साइतामा प्रांतातल्या एका मोठ्या स्टेडियममध्ये, मग काझो शहरातल्या बंद पडलेल्या शाळेत. २०१३ मध्ये ते इवाकी शहरात हललं आणि फुताबात परतलं २०२२ मध्ये. म्हणजे ११ वर्षं एका गावाचं प्रशासन आपल्या हद्दीबाहेर बसून चाललं. स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे नेमकं काय? जागा, माणसं की नोंदी? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने या एका प्रश्नावर थांबून विचार करण्यासारखा आहे.

सहा मुद्दे

या अनुभवानंतर जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने २०१५ मध्ये लहान नगरपालिकांसाठी मार्गदर्शिका काढली. लहान पालिकेकडे शंभर पानांचा दस्तऐवज करायला माणसं नसतात हे ओळखून त्यांनी निदान सहा गोष्टी तरी ठरवा, असं सांगितलं.

१. प्रमुख नसेल तर कोण? त्याच्यानंतर कोण? आणि कर्मचारी कुठे, कसे जमणार?
२. मुख्य इमारत वापरता आली नाही तर पर्यायी कार्यालय कुठलं?
३. वीज, पाणी, कर्मचाऱ्यांचं खाणं यांची सोय काय?
४. नेहमीचा फोन बंद पडला तर संपर्काचे दुसरे मार्ग कोणते?
५. महत्त्वाच्या नोंदींचा बॅकअप कुठे आहे?
६. आणीबाणीत कुठली कामं आधी आणि कुठली थांबवायची?

यादी वाचून ‘यात काय मोठं?’ असं वाटेल. पण प्रत्येक मुद्द्याच्या मागे कुणाचा तरी अनुभव आहे, आणि तो मुद्दा कागदावर असूनही फसू शकतो. जोसो शहराचं २०१५ चं उदाहरण घ्या. किनुगावा नदीचा बांध फुटला आणि पाणी शहर कार्यालयापर्यंत आलं. कार्यालयाला आपत्कालीन जनरेटर होता. पण तो जमिनीलगत बसवलेला होता, म्हणून तोही बुडाला. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात उतो शहराच्या कार्यालयाचा एक मजला खचला आणि कर्मचाऱ्यांना बाहेर तंबूत काम सुरू करावं लागलं.

तपासणी यादीत ‘जनरेटर आहे का?’ या प्रश्नाला जोसोने ‘हो’ असंच उत्तर दिलं असतं. संशोधक म्हणून तुम्ही विचारायचा प्रश्न म्हणजे ‘कितव्या मजल्यावर? डिझेल किती तासांचं? चालू कोण करतं?’ हा फरक लक्षात ठेवा, पुढे मोजमापाच्या भागात तो कामाला येईल.

आपल्या अंगणात

आता घरी येऊ. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट आहे. दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेलं. महामार्ग बंद झाला. आणि शहराला पाणी देणारी शिंगणापूर, बालिंगा ही उपसा केंद्रंच पुरात सापडल्याने नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी आणि प्यायला टँकर. उपसा केंद्र नदीकाठी असणार हे उघड आहे, ते डोंगरावर नेता येत नाही. पण मोटारी आणि पॅनेल किती उंचीवर, कुठल्या पातळीला त्या सोडवून वर घ्यायच्या, पाणी उतरल्यावर किती दिवसांत पुन्हा बसवायच्या, हे मात्र ठरवता येतं. कामकाज सातत्याचा अभ्यास तो हाच.

दुसरं उदाहरण मंत्रालयाचं. ते राज्य सरकारचं, स्थानिक संस्थेचं नाही, तरी मुद्दा समजायला उपयोगी आहे. २१ जून २०१२ रोजी चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांचा मृत्यू झाला. असंख्य फायली जळाल्या. नगरविकाससारख्या विभागाची फाईल गेली म्हणजे कुठल्या तरी शहरातला कुणाचा तरी निर्णय अडकला. फायलींच्या डिजिटल प्रतींचा आग्रह पुढे वाढला त्यामागे ही आग होती.

तिसरं, कोविड. यात इमारत शाबूत होती, सर्व्हर चालू होता, माणसं मात्र येऊ शकत नव्हती. मार्च २०२० मध्ये राज्यातल्या सरकारी कार्यालयांची उपस्थिती ५ टक्क्यांपर्यंत खाली आणली गेली. आता विचार करा. १०० जणांच्या कार्यालयात ते पाच जण कोण, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? सहाव्या मुद्द्यातला ‘कुठली कामं आधी’ हा निर्णय प्रत्येक कार्यालयाने त्या आठवड्यात घेतलाच, लेखी योजना असो वा नसो. ते हजेरीपट, ते आदेश आजही दप्तरात असतील. कुणी तरी ते जाऊन वाचायला हवेत.

यात पणाला काय लागलंय ते एका साखळीवरून कळतं. पुरात घरातला माणूस गेला. मदतीच्या रकमेसाठी मृत्यूचा दाखला लागतो. दाखला स्थानिक निबंधक देतो, जो बहुतेक वेळा नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत बसतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. तेच कार्यालय चिखलात असेल, नोंदवह्या भिजल्या असतील, निबंधकाचं स्वतःचं घर पाण्यात असेल, तर विधवा बाईने कुठल्या दाराशी उभं राहायचं? आपत्तीतलं मोठं नुकसान बातमीत येतं. पाणी ओसरल्यावर लोक जे हेलपाटे घालतात ते मोजलंच जात नाही.

आधीच्या अभ्यासकांनी काय म्हटलंय

साहित्याचा आढावा लिहिताना नुसती नावं एकाखाली एक रचू नका. वाद शोधा. इथे तीन वाद आहेत.

पहिला वाद कागद विरुद्ध प्रक्रिया. अमेरिकेतलं डिझास्टर रिसर्च सेंटर १९६३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात सुरू झालं आणि १९८५ मध्ये डेलावेअरला गेलं. तिथल्या एन्रिको क्वारांटेली यांनी आयुष्यभर एक गोष्ट मांडली. नियोजन म्हणजे लोकांनी एकत्र बसणं, एकमेकांची कामं कळणं, सराव करणं. छापील दस्तऐवज हा त्यातला फक्त एक भाग. एरिक ऑफ डर हाइड यांनी १९८९ च्या पुस्तकात ‘कागदी योजनेचा आजार’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला. योजना लिहून झाली म्हणजे तयारी झाली असा भ्रम. ली क्लार्क तर १९९९ च्या पुस्तकात आणखी पुढे गेले. काही योजना या ‘कल्पनारम्य दस्तऐवज’ असतात, असं ते म्हणतात. त्यांचं खरं काम ‘आमच्या ताब्यात सगळं आहे’ असा दिलासा देणं.

दुसरा वाद कर्मचाऱ्यांचा. लुइस किलियन यांनी १९५२ च्या लेखात दाखवलं की आपत्तीत माणसापुढे पेच असतो, ड्युटीवर जायचं की घरच्यांकडे? त्यावरून कर्मचारी पळ काढतील अशी भीती रुजली. क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर उलट निरीक्षण मांडलं. पेच खरा, पण कामाची जागा सोडून जाणारे फार थोडे. साथीच्या रोगात मात्र चित्र तेच राहतं का, यावर चर्चा चालू आहे. आपल्याकडचे सफाई कामगार, आशाताई, पंप ऑपरेटर यांच्याकडून या प्रश्नाचं उत्तर काय येईल? त्यात कंत्राटी कामगारांचा मुद्दा घाला. ज्याला ना विमा ना कायम नोकरी, त्याच्याकडून योजना काय अपेक्षा धरते?

तिसरा वाद शिकण्याचा. थॉमस बर्कलँड यांचा २००९ चा लेख याच धाग्यावर आहे. आपत्तीनंतर ‘धडे’ म्हणून जे अहवाल निघतात ते खरंच शिकणं असतं की शिकल्याचं दाखवणं? आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. अशा समितीच्या शिफारशी घ्यायच्या आणि त्यातली कुठली कुठल्या वर्षी, कुठल्या अंदाजपत्रकात उतरली हे मागत जायचं. एका प्रबंधाचं काम यात आहे.

मग अभ्यास करायचा कसा?

समजा, तुमचा प्रश्न असा आहे: ‘एकाच पुराला सामोऱ्या गेलेल्या दोन पालिकांची आवश्यक कामं पूर्ववत व्हायला वेगवेगळा वेळ का लागला?’ यात आपत्ती जवळपास सारखी ठेवून तुम्ही संस्थेतला फरक शोधता. २०२१ मधलं चिपळूण आणि महाड, किंवा कोल्हापूर आणि सांगली, अशा जोड्या सुचतात. जोडी का निवडली हे लिहायला विसरू नका. लोकसंख्या, उत्पन्न, पालिकेचा दर्जा, पाण्याची उंची यांतलं काय सारखं आणि काय वेगळं, याचा तक्ता सिनॉप्सिसमध्येच द्या.

पहिली पायरी योजनांची वाचणी. सहा मुद्द्यांना गुण देऊ शकता. उदाहरणार्थ वारसक्रमाचा मुद्दा. योजनेत उल्लेखच नाही, शून्य. ‘पर्यायी अधिकारी नेमावा’ इतकंच मोघम लिहिलंय, एक. निदान तीन पदनामं क्रमाने आणि त्यांना सहीचे, खर्चाचे कोणते अधिकार हेही लिहिलंय, दोन. पदनामावर भर द्या, कारण व्यक्तीचं नाव बदलीबरोबर जुनं होतं. मग तीच योजना दुसऱ्या कुणाला तरी स्वतंत्रपणे तपासायला द्या आणि दोघांचे गुण किती जुळतात ते बघा. त्यासाठी कोहेनचा कप्पा हे माप वापरतात. जुळत नसतील तर दोष बहुतेक वेळा निकषाच्या वाक्यात असतो, ते वाक्य सुधारा.

दुसरी पायरी प्रत्यक्षाची. इथे सावध राहा. योजनेला बारापैकी दहा गुण मिळाले म्हणजे पालिकेने चांगलं काम केलं असं होत नाही. जोसोचा जनरेटर आठवा. योजनेचा दर्जा आणि प्रत्यक्ष कामगिरी ही दोन वेगळी मापं आहेत, आणि त्यांच्यातलं नातं तर तुम्हाला शोधायचंय. कामगिरीसाठी वेगळे पुरावे लागतील. पंपाचं लॉगबुक, टँकरच्या फेऱ्या, जन्म-मृत्यू नोंदींच्या तारखा, कर्मचाऱ्यांची हजेरी, डिझेलची बिलं, पगार कुठल्या तारखेला झाला. महापालिका आयुक्तांनी अधिनियमाच्या कलम ६७ मधले तातडीचे अधिकार वापरून कुठला खर्च केला, तो नंतर स्थायी समितीपुढे कसा आला, याचे ठरावही सापडतात.

हे मिळवायचा मार्ग म्हणजे माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, हे लक्षात ठेवा. अर्जात ‘पाणी का आलं नाही?’ असं कधी विचारू नका. कायदा दप्तरात असलेली माहिती देतो, स्पष्टीकरण देत नाही. ‘अमुक ते अमुक तारखेचं उपसा केंद्राचं लॉगबुक, त्याच्या साक्षांकित प्रती’ असं मागा. आणि अर्ज करण्याआधी जिल्ह्याचं संकेतस्थळ बघा, जिल्हा आराखडा बहुधा तिथे असतो.

तिसरी पायरी मुलाखतींची. आयुक्त, मुख्याधिकारी यांना भेटाच, पण त्यांची बदली झालेली असेल. ज्याला सगळं आठवतं तो माणूस आवक-जावकच्या टेबलावर, स्टोअरमध्ये किंवा पंपाच्या खोलीत सापडतो. त्यांना ‘योजना कशी होती?’ असं विचारलं तर ‘चांगली होती सर’ इतकंच ऐकायला मिळेल. ‘त्या दिवशी सकाळी किती वाजता घरातून निघालात? कुणाचा फोन आला? किल्ली कुणाकडे होती?’ असं क्रमाने विचारा. योजना तुम्हाला आपोआप दिसायला लागेल, किंवा ती नव्हती हे दिसेल.

नैतिकतेची बाजूही इथेच. कनिष्ठ कर्मचारी वरिष्ठांबद्दल जे सांगतो त्याने त्याची नोकरी अडचणीत येऊ शकते. लहान नगरपालिकेत ‘एक पंप ऑपरेटर’ असं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते, कारण तिथे दोनच असतात. म्हणून ओळख लपवताना पद, वय, पाळी हे तपशीलही तपासा. ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं त्याला ते दिवस आठवायला लावताना घाई करू नका, आणि त्याने ‘पुरे’ म्हटलं की वही मिटा.

सिनॉप्सिसला बसण्याआधी

तुमच्याच गावच्या पालिकेपासून सुरुवात करा. सहा प्रश्न कागदावर लिहा आणि उपलब्ध आराखड्यात उत्तरं शोधा. जिथे उत्तर सापडत नाही तिथे खूण करा. जिथे उत्तर आहे पण ते प्रत्यक्षात चालेल का अशी शंका येते तिथे दुसरी खूण करा. या दुसऱ्या खुणांमध्येच चांगले संशोधनप्रश्न असतात.

आणि शीर्षक लिहिताना ‘महाराष्ट्रातील आपत्ती व्यवस्थापन: एक चिकित्सक अभ्यास’ हे टाळा. कुठल्या पालिका, कुठली आपत्ती, कुठलं काम, कुठला काळ, हे शीर्षकातच येऊ द्या. मग मुलाखतीत ‘त्यातलं नेमकं काय?’ असा प्रश्न आला की तुमचं उत्तर आधीच समोरच्या कागदावर असेल.